परक्याचा तो बाब्या, आपले ते कार्टे!

‘पंचवीस वर्षे घालवली, कोट्यवधी रुपये ओतले आणि शेवटी क्षेपणास्त्र आणले ते इस्रायलकडूनच!’ संरक्षण संशोधनाचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेले असते. पुण्यातील सुशिक्षित दिवाणखान्यांत ते ऐकू येते, निवृत्तांच्या कट्ट्यांवर ऐकू येते आणि स्वतःला बुद्धिनिष्ठ म्हणवणाऱ्यांच्या स्तंभांतही अधूनमधून डोकावते. रोख असतो तो ‘त्रिशूळ’ या क्षेपणास्त्राकडे. १९८३ साली आरंभलेला आणि २००८ साली अधिकृतपणे बंद झालेला हा प्रकल्प म्हणजे भारतीय अकर्तृत्वाचा जणू जाहीरनामा, अशी या मंडळींची ठाम समजूत आहे. ‘आपल्याला हे जमायचे नाही’ असे म्हणून सुस्कारा सोडला की त्यांचे कर्तव्य संपते.

या उपहासाचा एकदा नीट हिशेब मांडण्याची वेळ आली आहे. त्रिशूळ नौदलाच्या कसोटीस उतरले नाही, हे सत्य कोणी नाकारू नये. प्रश्न वेगळाच आहे. ज्या मापाने त्रिशूळाला मोजले गेले, त्याच मापाने इतरांच्या पहिल्या प्रयत्नांना कधी कोणी मोजले आहे काय? आणि एका अपयशावरून संपूर्ण राष्ट्राच्या बुद्धीला नादान ठरवणाऱ्यांनी, ते अपयश कोणत्या कामातले होते, हे तरी समजून घेतले आहे काय?

सव्वा मिनिटाचे युद्ध

जहाजावरून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र ही चीज जमिनीवरच्या क्षेपणास्त्रापेक्षा कितीतरी अवघड आहे. जमीन स्थिर असते. जहाज लाटांवर डुलते, वळते, कलते. शत्रूचे जहाजभेदी क्षेपणास्त्र पाण्यापासून अवघ्या काही मीटर उंचीवरून येते. पृथ्वी गोल असल्यामुळे जहाजाच्या डोलकाठीवरील रडारला ते दिसते तेव्हा अंतर उरलेले असते जेमतेम पंचवीस किलोमीटर. ध्वनीच्या वेगाजवळ येणारे क्षेपणास्त्र हे अंतर सुमारे सव्वा मिनिटात कापते. तेवढ्या वेळात ते ओळखायचे, मित्र की शत्रू हे ठरवायचे, प्रतिक्षेपणास्त्र डागायचे आणि टेलिफोनच्या खांबाएवढी वस्तू आकाशात गाठून फोडायची. त्यातच समुद्राचा पृष्ठभाग रडारच्या लहरी परत फेकतो आणि खऱ्या लक्ष्याभोवती खोट्या खुणांची गर्दी उसळते. एक चूक झाली तर दुसरी संधी क्वचितच मिळते, आणि डावावर लागलेले असतात जहाजावरचे दोन-तीनशे नौसैनिक.

याचे मोल जगाने रक्त सांडून शिकले. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या छोट्या नौकांनी सोव्हिएत बनावटीची क्षेपणास्त्रे डागून इस्रायलची ‘ऐलात’ ही विनाशिका बुडवली. एखादे जहाज दुसऱ्या नौकांवरून डागलेल्या क्षेपणास्त्रांनी बुडवण्याची ती पहिलीच घटना होती. चारच वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, भारताच्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर तोच प्रयोग पाकिस्तानवर केला. ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका तळाशी गेली. खैबरला पहिला फटका बसला तेव्हा तिच्यावरील अधिकाऱ्यांनी मुख्यालयाला कळवले ते विमानहल्ला झाल्याचे. आपल्यावर कशाचा आघात झाला हेच त्यांना उमगले नव्हते. तो दिवस आज नौदल दिन म्हणून साजरा होतो. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटनच्या ‘शेफिल्ड’ या आधुनिक विनाशिकेवर अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले फ्रेंच ‘एक्झोसेट’ आदळले. वीस नौसैनिक मृत्युमुखी पडले आणि काही दिवसांनी जहाज बुडाले. शेफिल्डवर ‘सी डार्ट’ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र सज्ज होते. ते डागण्याची संधीच मिळाली नाही. ढाल हातात असूनही ती वेळेवर उचलता आली नाही.

नाव मराठी, ढाल परकी

कराचीच्या पराक्रमानंतर भारताने एक गोष्ट ओळखायला हवी होती. जे शस्त्र आपण शत्रूवर चालवले ते उद्या आपल्यावरही चालणार आणि त्याविरुद्धची ढाल आपल्याला लागणार. ती लागलीही, पण ती प्रत्येक वेळी बाहेरून आली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली तेव्हा तिच्यावर ब्रिटिश ‘सीकॅट’ क्षेपणास्त्रे होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत संघाकडून आलेल्या तीन नौकांना ‘विजयदुर्ग’, ‘सिंधुदुर्ग’ आणि ‘होसदुर्ग’ अशी नावे देण्यात आली. शिवछत्रपतींच्या आरमाराचे स्मरण करून देणारी त्यांतली पहिली दोन नावे ऐकून मराठी मनाची मान ताठ झाली. पण त्या नौकांचे आकाशापासून रक्षण करणारी ‘ओसा’ ही यंत्रणा सोव्हिएत होती. १९८० मध्ये आलेल्या ‘राजपूत’ विनाशिकेवरची यंत्रणाही सोव्हिएतच. १९८३ च्या डिसेंबरात ‘गोदावरी’ ही भारतीय आराखड्याची फ्रिगेट माझगाव गोदीतून नौदलात आली. तिच्यावरही हवाई संरक्षणासाठी ओसाच बसवावी लागली.

मित्रराष्ट्राकडून शस्त्र घेण्यात कमीपणा नाही. परंतु क्षेपणास्त्र हे तलवारीसारखे नसते. ते वर्षानुवर्षे जपावे लागते, त्याचे सुटे भाग लागतात, शत्रूने नवी युक्ती काढली की त्याच्या मेंदूत बदल करावा लागतो. तो बदल करण्याची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती जहाजाचे प्राण. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ कोसळला आणि सुट्या भागांसाठी भारताच्या तिन्ही सेनादलांना किती दारे ठोठवावी लागली, हे त्या काळातील कोणताही अधिकारी सांगेल.

त्रिशूळाचा जन्म

या परावलंबनावर घाव घालण्यासाठीच १९८३ च्या जुलै महिन्यात एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली ‘पृथ्वी’, ‘अग्नी’, ‘आकाश’, ‘नाग’ आणि ‘त्रिशूळ’ अशी पाच क्षेपणास्त्रे घडवायची होती. त्या सर्वांसाठी मंजूर झालेली रक्कम होती ३८८ कोटी रुपये. पाच वेगवेगळ्या जातींची शस्त्रे, तीन सेनादले आणि आधीचा अनुभव म्हटला तर सत्तरच्या दशकात हैदराबादच्या प्रयोगशाळेने सोव्हिएत विमानविरोधी क्षेपणास्त्र उलगडून त्याची प्रतिकृती बनवण्याचा केलेला, शेवटास न गेलेला प्रयत्न. एवढ्या भांडवलावर हे धाडस आरंभले गेले.

त्रिशूळाची सूत्रे कलाम यांनी एस. आर. मोहन या नौदल अधिकाऱ्याकडे सोपवली, ही गोष्ट आज कोणाला आठवत नाही. समुद्राची गरज समुद्रावरच्या माणसाला कळते, हा त्यामागचा विचार होता. सुमारे १३० किलो वजनाचे आणि नऊ किलोमीटर पल्ल्याचे हे छोटे क्षेपणास्त्र सैन्य, वायुदल आणि नौदल या तिघांच्याही उपयोगी पडावे आणि नौदलासाठी त्याने लाटांवरून येणारी क्षेपणास्त्रे पाडावीत, अशी अपेक्षा होती. १६ सप्टेंबर १९८५ रोजी श्रीहरिकोटा येथून त्याचे पहिले उड्डाण झाले. घन इंधन, नियंत्रण, चपळाई या बाबतीत त्याने पुढे बरीच मजल मारली. अडले ते मार्गदर्शनाच्या पायरीवर. डागलेल्या क्षेपणास्त्राला आधी रुंद, मग अरुंद, मग त्याहून अरुंद अशा रडार-किरणांनी एकाकडून दुसऱ्याच्या हाती देत लक्ष्यापर्यंत न्यायचे, अशी ती रचना होती. समुद्रावर, पाण्यालगतच्या लक्ष्याविरुद्ध, ही साखळी नौदलाला हवी तितकी भरवशाची ठरेना.

त्याची किंमत नौदलाने मोजली. कोलकात्यात बांधलेली ‘ब्रह्मपुत्र’ ही फ्रिगेट १४ एप्रिल २००० रोजी दाखल झाली, तेव्हा तिच्यासाठी योजलेली त्रिशूळ यंत्रणा तयार नव्हती. जहाज होते, नौसैनिक होते, ध्वज होता; आकाशातून येणाऱ्या मृत्यूविरुद्धची ढाल मात्र नव्हती. अवघ्या वर्षापूर्वी कारगिलचे युद्ध झाले होते आणि नौदलाने ‘ऑपरेशन तलवार’द्वारे अरबी समुद्रात पाकिस्तानची कोंडी केली होती. पाकिस्तानकडे अमेरिकी ‘हार्पून’ आणि फ्रेंच ‘एक्झोसेट’ होती. अशा वेळी नौदलाचा संयम सुटला असेल तर तो रागच रास्त होता. उघड्या छातीच्या जहाजातून पोटच्या पोरांना समुद्रावर पाठवणाऱ्या मातापित्यांना ‘प्रयोगशाळेला आणखी पाच वर्षे द्या’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. ऑक्टोबर २००० मध्ये वाजपेयी सरकारने इस्रायलकडून ‘बराक’ यंत्रणा घेण्याचा करार केला. सात यंत्रणा आणि २०० क्षेपणास्त्रे. २००३ मध्ये त्रिशूळ सेनादलांच्या मागणीपासून सोडवून केवळ तंत्रज्ञानाचा प्रयोग म्हणून पुढे चालू ठेवण्यात आले आणि २००८ मध्ये ते प्रकरण मिटले.

हीच ती कहाणी, जिच्यावर उपहासाचा सारा इमला उभा आहे.

दुसऱ्यांच्या पहिल्या पावलांचे काय?

आता हेच माप अमेरिकेला लावून पाहावे. ऑक्टोबर १९४४ पासून जपानी ‘कामिकाझे’ वैमानिक आपली विमाने अमेरिकी जहाजांवर आदळू लागले. तोफा अपुऱ्या पडल्या. जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकी नौदलाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेकडे ‘बम्बलबी’ नावाचा प्रकल्प सोपवला. युद्ध सात-आठ महिन्यांत संपले. क्षेपणास्त्र काही आले नाही. या प्रकल्पातून निघालेले ‘टेरियर’ बसवलेली ‘बोस्टन’ ही युद्धनौका सेवेत आली १९५५ च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात अमेरिकेने ‘नॉर्टन साउंड’ हे एक आख्खे जहाज क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी वेगळे काढले आणि ‘मिसिसिपी’ या जुन्या महानौकेवर टेरियरचे प्रयोग केले. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्र, महायुद्ध जिंकलेले नौदल, पैशाला तोटा नाही. तरी पहिल्या पावलाला दहा वर्षे लागली.

एवढ्यावर भागले असते तरी ठीक होते. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासमोर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘लाँग बीच’ या नौकेवरून सुटलेल्या क्षेपणास्त्रांचा नेम चुकला. क्षेपणास्त्रांच्या भरवशावर तोफांविना बांधलेल्या त्या नौकेवर नंतर पाच इंची तोफा चढवाव्या लागल्या. त्याच वर्षी टेरियर, टॅलॉस आणि टार्टार या तिन्ही क्षेपणास्त्रांच्या दुरवस्थेवर उपाय करण्यासाठी रिअर ॲडमिरल एली राइक यांच्याकडे खास मोहीम सोपवण्यात आली. तिचे नाव काय होते? ‘गेट वेल’, म्हणजे ‘बरे व्हा’! आजारी माणसाला पाठवावा तसा शुभेच्छासंदेश अमेरिकेने स्वतःच्या क्षेपणास्त्रांना दिला होता. या तिघांची जागा घेण्यासाठी आखलेला ‘टायफॉन’ हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प तर १९६३ मध्ये गुंडाळावा लागला.

ब्रिटनची कथा वेगळी नाही. ‘सीस्लग’ या क्षेपणास्त्राची कल्पना दुसऱ्या महायुद्धातली. त्यासाठी ‘गर्डल नेस’ हे जहाज चाचणीनौका म्हणून बदलून घेण्यात आले. प्रत्यक्ष सेवेत ते दाखल झाले १९६२ मध्ये, ‘डेव्हनशायर’ विनाशिकेवर. अठरा-एकोणीस वर्षे!

या राष्ट्रांतही टीका झाली, संसदीय चौकश्या झाल्या, प्रकल्प बंद पडले. परंतु टायफॉन गुंडाळला गेला म्हणून ‘अमेरिकनांना हे जमायचे नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला नाही. ज्या तिघांना ‘बरे व्हा’ म्हटले गेले, त्यांतील टेरियर आणि टार्टार यांच्याच कुळातून पुढे ‘स्टँडर्ड’ क्षेपणास्त्र निपजले आणि आजही त्याच वंशाची क्षेपणास्त्रे अमेरिकी जहाजांवर आहेत. टायफॉनसाठी केलेल्या विचारमंथनाचा धागा ‘एजिस’ या यंत्रणेपर्यंत पोहोचला. ती बसवलेली ‘टिकॉन्डेरोगा’ ही पहिली नौका २२ जानेवारी १९८३ रोजी सेवेत आली. म्हणजे बम्बलबीपासून एजिसपर्यंत अडतीस वर्षे. तिकडे एका पिढीच्या चुकांतून दुसऱ्या पिढीची ढाल घडली, म्हणून त्याला ‘विकास’ म्हणतात. इकडे पहिल्याच पिढीची चूक झाली, तर त्याला ‘अपव्यय’ म्हणतात. आपल्याकडची म्हण उलटी करून सांगायची तर परक्याचा तो बाब्या आणि आपले ते कार्टे!

खरेदी म्हणजे द्रोह नव्हे

उपहास करणाऱ्यांचा एक भाऊबंद आहे. त्याचाही समाचार घेतला पाहिजे. परदेशातून काही विकत घेतले की ‘घोटाळा, घोटाळा’ म्हणून ऊर बडवणारा हा वर्ग. बराकच्या खरेदीवरून २००६ च्या ऑक्टोबरात केंद्रीय अन्वेषण विभागाने माजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस, माजी नौदलप्रमुख सुशील कुमार आदींविरुद्ध गुन्हा नोंदवला. सात वर्षे ते प्रकरण गाजत राहिले. डिसेंबर २०१३ मध्ये, केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचेच सरकार असताना, पुरावा नसल्याने ते बंद करण्याचा निर्णय झाला. या सात वर्षांत ज्यांनी वाहिन्यांवर निकालच जाहीर करून टाकले होते, त्यांपैकी किती जणांनी नंतर एक ओळ तरी लिहिली?

येथे स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनीही मन मोकळे करून विचार केला पाहिजे. तातडीची गरज भागवण्यासाठी केलेली खरेदी आणि दूरची गरज भागवण्यासाठी केलेले संशोधन ही एकमेकांची वैरीण नाहीत. शिवछत्रपतींनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुई लैताव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला आपल्या माणसांसह कामावर ठेवले होते. पुढे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कान फुंकले आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. महाराजांनी परकी कौशल्य वापरण्यात कमीपणा मानला नाही आणि ते कौशल्य हिरावले गेले म्हणून जहाजबांधणी थांबवलीही नाही. पाचच वर्षांत मालवणजवळच्या बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. घ्यायचे तेथे घ्यावे, शिकायचे तेथे शिकावे, पण कारखाना आपला असावा, हा त्यातला धडा आहे. स्वदेशीचा याहून स्वच्छ अर्थ दुसरा नाही.

आणि आणखी एक कटू गोष्ट. त्रिशूळाच्या उपहासाला दारूगोळा पुरवण्याचे काम काही अंशी स्वकीयांनीच केले. एखादे उड्डाण सुरळीत झाले की ‘सिद्ध झाले’ अशी घोषणा, पुढच्या वर्षी सेनादलात दाखल होणार असे वचन, मग मौन, मग नवे वचन. हे चक्र नव्वदच्या दशकात फार वेळा फिरले. चाचणी आणि सिद्धता यांतला फरक समाजाला सांगण्याचे धैर्य दाखवले असते, तर अपयशाच्या वेळी समाज पाठीशी उभा राहिला असता. देशप्रेमाने भारावून टाळ्या वाजवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. जो यशाच्या बातमीला फटाके उडवतो आणि अपयशाच्या बातमीला तोंड फिरवतो, तो शास्त्रज्ञांचा मित्र नव्हे.

पंचवीस वर्षांत उरले काय?

‘ठीक आहे, पण त्रिशूळातून शेवटी निघाले काय?’ हा प्रश्न उरतोच आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. बराक विकत घेऊन भारत थांबला नाही. २००६ च्या जानेवारीत संरक्षण संशोधन व विकास संस्था आणि इस्रायलची एअरोस्पेस कंपनी यांच्यात लांब पल्ल्याचे नवे क्षेपणास्त्र संयुक्तपणे घडवण्याचा करार झाला. २००० साली जो ग्राहक होता, तो सहा वर्षांत भागीदार झाला. या क्षेपणास्त्राचे दोन टप्प्यांत पेटणारे इंजिन भारताने घडवले. भागीदारी रिकाम्या हाताच्या माणसाशी कोणी करत नाही. १९८३ पासून घन इंधने, नियंत्रण आणि रडार यांत झिजलेल्या पिढीच्या बळावर ती मिळाली. डिसेंबर २०१५ मध्ये ‘कोलकाता’ या विनाशिकेवरून ते यशस्वीपणे डागले गेले. सत्तर किलोमीटरच्या घरातला त्याचा पल्ला त्रिशूळाच्या सातपटींहून अधिक आहे.

त्याच १९८३ च्या कार्यक्रमातले ‘आकाश’ हेही एके काळी थट्टेचा विषय होते. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानी ड्रोन आणि क्षेपणास्त्रांविरुद्ध उभ्या राहिलेल्या संरक्षक फळीत हेच आकाश होते. त्या दिवसांत ‘आपल्याला हे जमायचे नाही’ म्हणणारे कोठे होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

आणि आता पूर्णतः स्वदेशी नौदल क्षेपणास्त्राची पाळी आहे. जहाजाच्या डेकखालून सरळ वर सुटून मग लक्ष्याकडे वळणारे, कमी पल्ल्याचे हे क्षेपणास्त्र २२ फेब्रुवारी २०२१ रोजी चांदीपूर येथे प्रथम तपासले गेले. २४ जून २०२२ रोजी ते नौदलाच्या जहाजावरून डागले गेले. लक्ष्य शोधणारा त्याचा डोळा देशी बनावटीचा आहे. मार्च २०२५ पर्यंत त्याच्या चाचण्या होत राहिल्या आहेत. जुन्या बराकची जागा त्याने घ्यावी, अशी योजना आहे. १९८३ ते २०२१ हा काळ मोजला तर तो भरतो अडतीस वर्षे. बम्बलबीपासून एजिसपर्यंत अमेरिकेला लागला तेवढाच. हे क्षेपणास्त्र त्रिशूळाचे थेट अपत्य नाही. त्याचा आराखडा विमानातून डागल्या जाणाऱ्या ‘अस्त्र’वरून आला आहे. परंतु प्रयोगशाळा त्याच, चाचणीची मैदाने तीच, आणि समुद्रालगतचे लक्ष्य किती फसवे असते हे ज्ञानही त्रिशूळाच्याच शाळेत फी भरून मिळवलेले.

पुण्याने काय करावे?

हे सारे दूर हैदराबाद-चांदीपूरला घडते, असे पुणेकराने समजू नये. २०२१ च्या त्या पहिल्या चाचणीवर देखरेख करणाऱ्यांत हैदराबादच्या दोन प्रयोगशाळांसोबत तिसरी होती ती पुण्याची: दिघी येथील संशोधन व विकास संस्था (अभियांत्रिकी). आकाश ज्या प्रक्षेपकावरून सुटते, त्याच्या घडणीतही याच संस्थेचा हात आहे. पाषाणमध्ये १९५८ पासून शस्त्रास्त्र संशोधन संस्था उभी आहे. १९०८ मध्ये नैनितालला रासायनिक परीक्षक कार्यालय म्हणून सुरू झालेली आणि १९६० मध्ये पुण्यात आलेली स्फोटके व इंधनांची प्रयोगशाळा आज उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा म्हणून तेथेच काम करते. गिरीनगरच्या संस्थेत सेनादलांचे अधिकारी क्षेपणास्त्रविद्येचे शिक्षण घेत आले आहेत. लोणावळ्याला ‘शिवाजी’ या नौदल संस्थेत जहाजांचे अभियंते घडतात. समुद्रापासून शंभरावर किलोमीटर दूर असलेले हे शहर नौदलाच्या ढालीचा एक कारखाना आहे आणि शहराला त्याचा पत्ता नाही!

समुद्राकडे पाठ फिरवण्याची किंमत पुण्याने पूर्वी एकदा मोजली आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा ते जाळणाऱ्या इंग्रजांच्या बाजूला नानासाहेब पेशव्यांचे सैन्य होते. आंग्रे उद्दाम होते, पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे असेल. परंतु घरच्या आरमाराचा कंटाळा येऊन ते परक्याच्या हातून जाळून घेतले आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना रोखील असे मराठी आरमार पुन्हा उभे राहिले नाही. ‘आपल्याला जमत नाही, बाहेरून आणा’ हे वाक्य सहजपणे उच्चारणाऱ्या पुणेकराने विजयदुर्गाच्या त्या धुराचे स्मरण ठेवावे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारावेत, आणि ते नेमके विचारावेत: नव्या क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी नौदलाची जहाजे वर्षातून किती दिवस उपलब्ध होतात? चाचणी फसली तर तिचा अहवाल संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे जातो काय? यशस्वी ठरलेल्या यंत्रणेला किती वर्षांच्या मागणीची हमी दिली जाते? अमेरिका आणि ब्रिटन यांनी चाचणीसाठी जहाजेच्या जहाजे वेगळी काढली, तेथे त्यांच्या यशाचे बीज होते. दुसरी गोष्ट, पुढची एखादी चाचणी फसली, आणि ती कधीतरी फसणारच, तर त्या दिवशी उपहासाच्या कोरसमध्ये आपला सूर मिसळू नये. कारण विचारावे, सुधारणेचा हिशेब मागावा, पण नादानपणाचा शिक्का मारू नये. तिसरी गोष्ट घरातली आहे. अभियांत्रिकीला उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलामुलींना कॅलिफोर्नियाचा रस्ता दाखवणाऱ्या मध्यमवर्गीय आईबापांनी दिघी आणि पाषाणचा रस्ताही दाखवावा. पगार कमी असेल, नाव वृत्तपत्रात येणार नाही, वीस वर्षांचे काम एखाद्या दिवशी ‘प्रकल्प बंद’ या दोन शब्दांत आटोपेलही. त्रिशूळावर खपलेल्या शेकडो अभियंत्यांच्या वाट्याला हेच आले.

त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. त्यांच्या निवृत्तीला हारतुरे झाले असतील तर ते कार्यालयापुरते. परंतु अरबी समुद्रात रात्रपाळीला उभ्या असलेल्या नौसैनिकाच्या डोक्यावर उद्या जी स्वदेशी ढाल असेल, तिच्या घडणीत या अनामिकांच्या चुकांचाही वाटा असेल. त्यांच्यावर हसण्यापूर्वी प्रत्येक सुजाण नागरिकाने स्वतःला एवढेच विचारावे: राष्ट्राच्या ढालीसाठी निदान एक चूक करण्याएवढे तरी काम आपल्या हातून झाले आहे काय?